सरुबाईचा निरोप

रखमाजीनं खिचडीचं ताट हातानं लांब सारलं.

"आजून तीन म्हयने?" तो म्हणाला. "आन् हे मला तू सांगतूस?"

निलेश उभ्या उभ्या शर्टाची बटणं लावत होता. उर्सेच्या टोलनाक्यावर त्याची दुपारची पाळी होती. "सारिकाचा मेसेज आलाय, आबा. आईचा व्हिसा वाढवला म्हनं. मी काय करू?"

रखमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीचं बाळंतपण माहेरी व्हावं, ही जगाची रीत. पण सारिकाला डॉक्टरनं विमानात बसू दिलं नाही, म्हणून सरुबाईच उठून दुबईला गेली. आई लेकीच्या सासरी निघाली म्हणून आंबी गावातली सगळी भावकी हसली. तेही रखमाजीनं गिळलं. बारसं झालं की परत यायचं, असं ठरलं होतं. बारसं होऊन गेलं, इकडं भात कापून झाला, आणि बाईचं यायचं नाव नाही. उलट राहायचं ठरवून मोकळी! नवऱ्याला एका शब्दानं विचारणं नाही. हीच बाई माहेरी गेली आणि एक रात्र जास्त राहायची वेळ आली, तर माणूस पाठवून विचारायची. माहेर तरी कुठं, नदीपलीकडं! आता विमानात काय बसली, नवराच विसरली.

बरं, धरून चार शब्द सुनावावेत, तर तीही सोय नव्हती. निघतानाच निलेशनं आईला बजावलं होतं, "रोमिंग चालू करू नगं, लुटत्यात. सारिकाच्या घरातल्या वायफायवरनं मेसेज टाकत जा, फुकाट जातो." तिकडं त्या वायफायवरून फोन लागत नाही, बोलून धाडलेला निरोप तेवढा पोचतो, असंही त्यानं सांगितलं होतं. रखमाजीचा फोन बटणांचा. त्यावरून तो सरुबाईचा नंबर लावायचा, की भलतीच कुणी बाई फोन बंद असल्याचं सांगायची. एकदा त्यानं तिलाच झापलं.

सरुबाईचे निरोप यायचे ते निलेशच्या फोनवर. "काय म्हनली?" असं रखमाजी रोज विचारायचा. "बरी हाय म्हनली," असं निलेश रोज सांगायचा. बस्स, एवढंच. तळेगावला मिरची आणायला गेली तर अख्ख्या बाजाराची हकीकत सांगणारी बाई ही! आणि आता फुकट जात असून दोन शब्दांवर आली.

"फोन आन हिकडं," रखमाजी म्हणाला. "आज मीच बोलतो."

"आबा, उशीर हुतोय मला."

"हुंदे."

निलेशनं फोनवरचा माईक दाबून धरला आणि फोन बापाच्या तोंडाशी नेला. मग रखमाजीनं काही शिल्लक ठेवलं नाही.

"व्हय गं, तितलं गार वारं लय मानवलं तुला. मानसाची याद कशाला ईल? हितं बापलेक करपल्याली खिचडी गिळतोय. राहायचं तर राहा. कायमचीच राहा! पन इचारायची काय रीत असती का न्हाई? मी जित्ता हाय का मेलो, तेवढं तरी इचार!"

शेवटी शेवटी त्याचा आवाज कापला. आपला आवाज कापला म्हणून त्याला आणखीच राग आला. निलेशनं बोट काढलं. निरोप गेला.

निलेशनं एक बूट चढवला असेल नसेल, तोवर फोन वाजला. त्यानं तो दाबला आणि घरात सरुबाईचा आवाज घुमला.

"अवो, उचलली जीब लावली टाळ्याला! मी इचारलं न्हाई व्हय? सारिका म्हनली, आई, आजून राहा. मी म्हनलं, तुज्या आबाला इचारल्याबिगर न्हाई. त्याच सांजच्याला येवढं मोठं बोलले तुमच्याशी. म्हनलं, माजं चित्त लागत न्हाई हितं. तुमी नुसतं 'नगं' म्हना, म्हंजी पोरीला दुखवायला नगं आन् माजी बी सुटका हुईल. पिशवी भरून बसलेवते. तर तुमचा अंगठा आला, रोजच्यावानी. व्हय, राहा म्हनून. लय रडले मी. आन् आज वर मलाच बोल लावताय?"

रखमाजीनं फोनवरची नजर लेकाकडं वळवली.

"कसला अंगठा?" रखमाजीनं विचारलं.

निलेश दुसऱ्या बुटाची नाडी बांधत बसला. "चित्र असतंय, आबा. मेसेज पोचला, ठीक हाय, असं सांगाया टाकत्यात. आईचे निरोप लय लांब असायचे. आबाला ऐकीव, असं जाताना म्हनली हुती. मला कामाची घाई. म्हनून मी आपला..."

"तू ऐकलंच न्हाईस?"

"न्हाई."

"येक बी?"

निलेशनं बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"मग रोजच्याला 'बरी हाय' कोन म्हनत हुतं रं?"

रखमाजीचा हात उगारला गेला. एवढ्या मोठ्या लेकावर हात टाकण्याएवढा राग त्याला आजवर कधी आला नव्हता. तिकडं ती परक्या मुलखात पिशवी भरून आपल्या एका शब्दाची वाट बघत बसली, आणि इथं पोटच्या पोरानं बापाच्या नावानं तिला परस्पर 'राहा' म्हणून कळवून टाकलं. त्यात भर म्हणून आज आपण तिलाच तोंडाला येईल ते बोललो. हात तसाच खाली आला. डोळे मात्र भरले, ते काही केल्या आवरेनात.

निलेशनं घाईघाईनं फोन उचलला. "थांबा आबा, मी आत्ताच्या आत्ता टाकतो. आबा तुला माघारी ये म्हनत्यात म्हनून..."

"तू काय बी टाकू नगंस." रखमाजीनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "कुटं दाबायचं, तेवढं दाखीव मला. आन् तू भाईर जाऊन हुबा ऱ्हा."