मधलं सुटतं

"कल्ले सरळ ठेवा, मागून बारीक करा, दाढी गुळगुळीत, आणि मिशीला हात लावू नका," असं सांगून गिऱ्हाईक दुसऱ्या खुर्चीत बसलं आणि त्याने डोळे मिटून घेतले.

नवखा माणूस होता. नेहमीचे लोक बाकावर बसून दादाची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होते. दुसरी खुर्ची त्याच्या धाकट्या भावाची; ती रिकामी असली तरी तिच्यात कुणी बसत नसे. धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे हे गल्लीभर ठाऊक होतं, आणि अशा माणसाच्या हातात वस्तरा म्हटल्यावर भल्याभल्यांची मान आखडायची.

त्याचा हात मात्र अजून लोण्यासारखा होता. कानामागे कात्री अशी चालायची की माणसाला डुलकी लागावी. दादाने आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशात पाहिलं. एक गाल साफ झाला, दुसराही झाला. जमतंय की, असं त्याच्या मनात आलं.

रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. पंखा घरघरत होता. बाकावरचे दोघे कुणाच्या तरी जावयावरून खिदळत होते, आणि बेसिनचा नळ ठिबकत होता. दादाला सवयीने यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. धाकट्याला सगळंच येत होतं, एकाच पट्टीत.

दाढी झाली. आता काय? मागून काहीतरी होतं. कल्ल्यांचं काहीतरी होतं. तो आठवू लागला तसतसं एकेक निसटत गेलं आणि हाताला एकच शब्द लागला: मिशी. 'हात लावू नका' कुठे गळून पडलं कोण जाणे. त्याने मिशीला नीट फेस लावला आणि डावी बाजू सफाईने उतरवली.

ओठाला गार लागलं तसे गिऱ्हाइकाने डोळे उघडले.

"अहो! अहो, हे काय केलंत? शुद्धीवर आहात का?" तो खुर्चीतून उडालाच. "मुलीच्या सासरी निघालोय मी! हे तोंड घेऊन जाऊ?"

बाकावर हशा पिकला. दादा हातातला कंगवा टाकून धावला. माफी मागितली, पुन्हा मागितली. पण राहिलेली अर्धी मिशी काढण्यावाचून आता इलाज नव्हता. ती दादानेच काढली. गिऱ्हाईक उघड्या ओठावरून बोट फिरवत, शिव्या घालत निघून गेलं. दादाने हातातलं डोकं कसंबसं पुरं केलं. "येतो संध्याकाळी," म्हणत बाकावरचेही एकेक करून उठले.

दादाने रेडिओ खाडकन बंद केला.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"कामावर."

"कामावर? माणूस ठणकावून सांगतो की मिशीला हात लावू नका..."

"ऐकलं होतं मी. मधलं सुटतं, दादा."

"सुटतं म्हणजे? आवाज येतायत का परत?"

"नाही. ते गेले ते गेलेच."

"मग आता काय धाड भरलीय? गोळ्या घेतोस, वेळेवर जेवतोस, झोपतोस. बरा झालास ना? जरा लक्ष द्यायला काय होतं तुला?"

धाकटा वस्तरा पुसत होता. पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

"लक्षच देतो रे. लक्ष देण्यातच सगळा जीव जातो, हजामतीला काही उरत नाही." मग तो जरासा हसला. "लोक घाबरतात, मी गळा कापीन म्हणून. मला इथे एक दाढी धड पुरी करता येत नाही."

दादाला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याला. आवाज गोळ्यांनी थांबतात. पण लक्ष, आठवण, एकामागून एक काम करायची रीत, हेही याच आजारात बिघडतं आणि त्यावर अजून नेमकी गोळी नाही. आळस समजू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. दादाने तिथे मान डोलावली होती. पण एका वेळी एकच गोष्ट सांगणारं गिऱ्हाईक आणायचं कुठून?

तो तरातरा गेला आणि स्वतःच दुसऱ्या खुर्चीत बसला.

"कर. माझी दाढी कर. एकेक सांगतो. पाणी लाव."

धाकट्याने पाणी लावलं.

"आता फेस."

ब्रश गालांवरून, हनुवटीवरून, ओठांच्या कडेने गोल गोल फिरला. फेस दाट झाला. ब्रश थांबला.

"पुढे?"

दादाने बोलायला तोंड उघडलं तसा साबण आत गेला. तो थुंकला. "वस्तरा! अरे वस्तरा घे, पुढे काय पुढे!"

धाकट्याने वस्तरा घेतला. इतका हलका उतरला तो गालावरून, की दादाचे खांदे आपोआप सैल पडले. दुसरा गाल झाला. हनुवटी झाली. मग वस्तरा गळ्यावर आला आणि निम्म्यात थांबला. बाहेर कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवला होता. धाकट्याची नजर दाराकडे गेली, परत आली आणि दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली.

"पुढे?" त्याने हळूच विचारलं.

उत्तर दादाच्या ओठांवर होतं. पण बोलायचं तर गळा हलणार, आणि पातं नेमकं तिथेच टेकलेलं.