मागच्या सीटचं मत

"आबा, गुडघे लागतात का?" गाडी चालवता चालवता कुंदनने विचारलं.

"लागतस," मागून धुडकूआबा म्हणाले.

खरं तर गुडघे लागत नव्हते. आबांनी ते हळूच पुढे सरकवून समोरच्या सीटला टेकवले. निदान आता तरी ते खोटं राहिलं नाही.

कुंदन एका मासिकात स्वस्तातल्या गाड्यांबद्दल लिहायचा. कंपन्या नवी गाडी चार दिवस चालवायला द्यायच्या, हा ती चालवून पैसा वसूल आहे की नाही ते सांगायचा. त्याचं म्हणणं असं, की स्वस्त गाडी घेणारा माणूस ती आई-बापाच्या नावाने घेतो. म्हणून तिची खरी परीक्षा मागच्या सीटवर. लेखाच्या शेवटी चौकट असायची, 'मागून आमचे आबा'. त्यामुळे नवी गाडी आली की कुंदन सुरतेतल्या अडाजणहून तापी ओलांडून उधन्याला आबांच्या गल्लीत यायचा. गाडी नसली की येत नसे. पोरगा वाईट नव्हता. त्याला सुचतच नसे.

आबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. समोरच्या शांताबाईंना त्यांनी न विचारताच सांगून टाकलं होतं, पोरगा येतोय म्हणून.

आता त्यांना पोराची मान दिसत होती. मान काळवंडली होती, केस वाढले होते. समोरच्या आरशात डोळे दिसत, पण ते रस्त्याकडे. कुंदनच्या शेजारच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग होती. गाडीने पीं पीं करू नये म्हणून त्याने बॅगेला पट्टासुद्धा लावला होता. त्या बॅगेचा आबांना मनापासून राग यायचा.

कडोदऱ्याच्या अलीकडे गाडी एका गतिरोधकावरून गेली.

"कसं वाटलं?"

"माले समजनं नही. आजून एकदाव ने."

कुंदनने गाडी वळवून परत आणली. आबांना हे गणित पहिल्याच गाडीत उमगलं होतं. तेव्हा ते भोळेपणाने 'चांगली शे' म्हणून गेले होते आणि गाडी उधन्याच्या नाक्यावरूनच घरी फिरली होती. तेव्हापासून त्यांना एकही गाडी आवडली नव्हती. कधी पाठ दुखली, कधी मांडी अवघडली, कधी एसी डोक्यात गेला. प्रत्येक तक्रारीला एक फेरी मिळायची.

"पाठले हादरा बसस," आबा म्हणाले. "पन बारडोलीकडला रस्तावर पक्कं समजी. तथा ऊस लई जानाऱ्या गाड्यास्नी खड्डा पाडेल शेतस."

कुंदनने गाडी बाजूला घेतली आणि पहिल्यांदाच मागे वळून बघितलं.

"आबा, एक सांगायचं होतं. ऑफिसात कटकट चाललीये. वाचणारे लिहितात, यांच्या आबांना कुठलीच गाडी पसंत पडत नाही. एका कंपनीने तर पुढची गाडीच देणार नाही म्हणून सांगितलं."

"मंग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळेपासून मागे वाळूच्या पिशव्या ठेवायच्या ठरल्यात. तुमच्याच वजनाच्या. कॅमेरा लावला की गाडी किती दबते ते कळतं. तुम्हालाही उगाच त्रास नको."

आबा घाईघाईने बोलायला लागले.

"आरे, पन ही गाडी चांगली शे! सीट मऊ शे. हवा बी येस. आन ती मांगली लाल गाडी, ती बी चांगली व्हती. तिन्हा आधीनी बी." धापा टाकत त्यांनी आजवरच्या सगळ्या गाड्या पास करून टाकल्या. "हादरा तं जराबी नही बसना."

"आत्ता तर म्हणालात बसतो?"

"म्हतारपन शे. चुकी गऊ."

कुंदन हसला. खूश झाला. "म्हणजे ही पैसा वसूल?"

"वसूल," आबा म्हणाले.

"मग झालं की काम," म्हणत कुंदनने गाडी उधन्याकडे वळवली. बारडोलीचा फाटा मागे राहिला तेव्हा आबांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. गुडघे त्यांनी अजून सीटला टेकवूनच ठेवले होते.

गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या कामाची वाळू पडली होती, त्यामुळे गाडी आत जाईना. कुंदनने उतरून मागचं दार उघडलं आणि आबांना हात दिला. तेवढ्यात फोन वाजला. तो कानाला लावतच "येतो आबा" म्हणाला आणि परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

आबा दोन पावलं गेले, थांबले आणि परत येऊन त्यांनी काचेवर टकटक केली. कुंदनने फोन छातीशी धरून काच खाली घेतली.

"ती वाळू तू कथाईन आनशी?"

"मिळेल कुठेतरी. का?"

आबांनी ढिगाऱ्याकडे बोट केलं.

"आठे पडेलच शे. मी पिशव्या भरी ठेवसू. तू फक्त लेवाले ये."