लाल उजेडाची परवानगी

"वेळ काय लिहू?" डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

जेवणाच्या टेबलावर मृत्यूच्या दाखल्याचा कोरा कागद होता, शेजारी कुणीच न प्यायलेला चहा. आतल्या खोलीत बाबा होते, चादरीखाली.

"मी सहाला चहा घेऊन गेले," आई म्हणाली. "मी पलीकडच्या खोलीत झोपते, घोरायचे ना. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. म्हटलं, डोळा लागलाय. पोरगा गच्चीवर उल्कांचे फोटो काढतोय, म्हणून हेही आकाश बघत बसले असतील. त्रास नसेल ना हो झाला?"

"छे, छे. झोपेतच. असं मरण मागून मिळत नाही. सहा लिहू?"

पोरगा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसला होता. पोरगा चौतीस वर्षांचा होता. सातला धावत आलेल्या ताईने त्याला पेपरात द्यायला बाबांचा एखादा बरा फोटो शोधायला बसवलं होतं. त्याच्याकडे एकेचाळीस हजार फोटो होते. त्यातल्या नऊ फोटोंत बाबा होते आणि नऊच्या नऊ फोटोंत ते पारदर्शक होते. ताऱ्यांच्या फोटोला कॅमेरा वीस सेकंद उघडा राहतो. पुढ्यात उभ्या केलेल्या माणसाने तेवढा वेळ पुतळा व्हायचं असतं. बाबा दर वेळी मध्येच मान वळवून विचारायचे, "झालं का रे?"

"यांच्यातून मागचं झाड दिसतंय," ताई म्हणाली.

"हलले ते."

"घरात फोटोग्राफर, आणि बापाला चेहरा नाही. ओळखपत्रावरचा देऊ? त्यात ते नुकतेच पकडल्यासारखे दिसतात."

"थांब, कालचे बघतो."

कालच्या फोटोंत बाबा असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण काल उल्कावर्षाव होता आणि फोटो कसे आलेत ते त्याला बघायचं होतं. हे तो स्वतःशीही बोलला नाही.

कालच्यासाठी त्याने आठवडाभर अंधार गोळा केला होता. गल्लीतल्या दिव्यावर पोतं चढवलं. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या पाटीवरचा चमकणारा दात एक रात्र बंद राहावा, म्हणून गरज नसताना स्वतःची धडधाकट दाढ भरून घेतली. शेजाऱ्यांच्या हातापाया पडला. घरात मात्र सरळ नियम काढला: रात्री एक ते पाच दिवा लावायचा नाही. अगदीच अडलं तर टॉर्च, काचेवर लाल कागद चिकटवलेला. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना लाल उजेडाचा त्रास होत नाही. तो जाणवतसुद्धा नाही.

फोटो भराभर सरकत होते. काळं आकाश, खालच्या कडेला शेजारच्या घराची भिंत. दोन वाजून सतरा मिनिटांच्या फोटोत ती भिंत पांढरीफटक होती.

हा त्याला आठवत होता. खाली बाबांच्या खोलीत दिवा लागला होता, आणि तो कठड्यावरून ओरडला होता, "बाबा, दिवा! वाट लावलीत सगळी!" दिवा ताबडतोब विझला होता. मग त्याने पुन्हा कानात गाणी घातली होती.

पुढच्या फोटोत भिंत काळी. त्याच्या पुढच्या फोटोत भिंतीवर लाल रेघ होती.

हलणाऱ्या उजेडाची वीस सेकंदांत रेघ होते. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, वर, खाली. दोन चोवीसच्या फोटोत या रेघांच्या वर, अर्धं आकाश चिरत, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उल्का होती. ती पडली तेव्हा तो गच्चीवर नाचला होता. मग रेघा आखूड होत गेल्या. दोन एकतीसला रेघेचा गोल ठिपका झाला. पाच वाजता कॅमेरा बंद होईपर्यंत, साडेचारशे फोटोंत, ठिपका जागचा हलला नव्हता.

ताई त्याच्या खांद्यावरून वाकली. "हे लाल काय?"

त्याने फोटो मागे नेले. तिने पुन्हा पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बंद कर," ती पुटपुटली. "आईला वाटू दे झोपेतच गेले म्हणून. तेवढंच उरलंय तिच्याकडे."

"सहाच लिहितो मग," डॉक्टर म्हणाले.

"दोन एकतीस," तो म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "इतकं नेमकं? तुम्ही होतात तिथे?"

"वर होतो."

आई उठून आली. ताई लॅपटॉपचं झाकण पाडणार तेवढ्यात आईने तिचा हात बाजूला केला आणि चष्मा लावला. त्याने पांढऱ्या भिंतीपासून, म्हणजे स्वतःच्या ओरडण्यापासून, फोटो सलग चालवले. चौदा मिनिटं पडद्यावर दोन सेकंदांत संपली.

"मध्ये ते काय चमकलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उल्का."

"बरीच मोठी आहे हो," डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं. मग ते कागदाकडे बघत बसले.

"टॉर्च सकाळी मीच बंद केला," आई म्हणाली. "खिडकीत तसाच चालू होता. म्हटलं, सेल उतरतील." मग पडद्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "पुन्हा लाव."

त्याने लावलं.

"पुन्हा."

चौथ्या वेळी तिने खुर्ची ओढून घेतली आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकून बसली.

"फारच भरभर हलवतायत रे," ती म्हणाली. "जरा हळू होतं का हे?"