उजव्या टाकीतलं तेल

चहाचा कप डावीकडे घसरत निघाला, तेव्हा कप्तान हेमलता मयेकरांच्या ध्यानात आलं की त्याच्यामागोमाग जहाजही कलत निघालंय. नव्या जहाजांतून मापयंत्रं काढून टाकली होती. खलाशी बोलत आणि ते ऐकून जहाज स्वतःचा तोल सांभाळत असे.

"डावीकडे आणखी पाणी का भरतोयस?" त्यांनी जहाजालाच विचारलं.

"उजव्या टाकीतलं तेल वाढलं, असं सारंगकाका म्हणाले. म्हणून इकडे वजन टाकतोय," जहाज अदबीनं म्हणालं.

"काका, ती टाकी तर रिकामी झालीय ना?"

"म्हणून तर वाढलं म्हटलं," इंजिनवाले सारंगकाका खांबाला लटकून म्हणाले. "भर समुद्रात 'संपलं' कसं म्हणायचं, बाई? अभद्र दिसतं ते!"

"आणि बुडालो तर बरं दिसेल का? म्हणा आधी!"

काकांनी डोळे मिटले, कान धरले आणि ते पुटपुटले, "संपलं."

पंप थांबले, मग उलटे फिरले.

"समजलं," जहाज म्हणालं. "संपलं की वाढलं म्हणायचं."

"हो रे बाबा. आता धोक्याचं काय?" मयेकरबाईंनी विचारलं.

"वाढला," जहाज आनंदानं म्हणालं.

मयेकरबाई काकांकडे बघत राहिल्या, आणि काका लाइफजॅकेटकडे.