रबराची पट्टी

शांतिनाथकाकांनी स्क्रू सोडले, झाकण उचललं आणि दिव्याच्या पोटातले मेलेले किडे वर्तमानपत्रावर ओतले. चांगले ओंजळभर निघाले. चिलटं, पाकोळ्या, उसातले पिवळे पतंग. काका वाकून एका बोटानं ते हलकेच बाजूला करू लागले. एखादा अजून हलतोय का, बघत होते.

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या संयोगिताला त्या दिव्याच्या पाठीकडं बघवेना. तिथं काकांच्या कारखान्याचं लेबल होतं. ते कालच तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलं होतं. काकांच्या खऱ्या दिव्यावरून केस वाळवायच्या मशीनची ऊब देऊन, कोपरा फाटू न देता, तिनं ते सोडवून घेतलं होतं.

साताऱ्याजवळ हायवेला लालासाहेबांचं तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं होतं. खाली शोरूम, वर ऑफिसं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, बाजारातले तयार दिवे त्यांना नको होते. उसाच्या पानागत बाक असलेला, छतातून लोंबणारा एलईडी दिवा त्यांना हवा होता. असे साठ. बांधकामाचे ठेकेदार सांगलीचे वीरधवल साहेब. त्यांच्याकडं खरेदीचं काम संयोगिता बघायची. सगळ्यांनी नन्नाचा पाढा लावल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीत तिला हे काका सापडले. पत्रा स्वतः कापणारे, बाक हातानं देणारे. लालासाहेबांनी तीन नमुने नाकारले. चौथा पास झाला.

पण काकांचं काम गोगलगाईच्या चालीनं. उद्घाटन तोंडावर आलं आणि दिवे हातात फक्त वीस. संयोगिताचा धीर सुटला. तिनं तो पास झालेला नमुना काकांना न विचारता एका बाहेरगावच्या कारखान्याला धाडला आणि चाळीस दिवे तसेच बनवून मागवले. झाकणाखाली काका रबराची पट्टी बसवत; धूळ जाऊ नये म्हणून, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. ती लावायला दोन दिवस जास्त लागतील, असं तिथला माणूस म्हणाला. नको मग, असं ती बोलून गेली. छताखालच्या दिव्यात धूळ कुठली शिरणार?

साठ दिवे एकमेकांत मिसळून टांगले गेले. वीरधवल साहेबांना वेळेत लागल्याशी मतलब. इमारतीला लागूनच उसाचा फड. महिन्याभरात चाळीस दिव्यांच्या बुडाशी काळे ढीग दिसायला लागले. लालासाहेबांनी चार माणसांसमोर विचारलं, हा माल कुणाचा? बाहेरगावचा माणूस फोन उचलत नव्हता. बाळंतपणाची रजा संपवून कामावर येऊन संयोगिताला उणेपुरे सहा महिने झाले होते. घरात लेकरू, हातातली नोकरी जाईल ह्या भीतीनं जीभ वळली ती अशी वळली, की पुन्हा सरळ होईना.

कुपवाडच्या काकांचा, असं तिनं सांगितलं. मग सोमवारी काकांना फोन करून तेच ऐकवलं, वर फोटो पाठवला. तुमच्या दिव्यांत किडे मेलेत, सगळे बदलून द्या. काका एवढंच म्हणाले, की त्यातला एक घेऊन या.

आज ती घेऊन आली होती.

कारखान्याला लागूनच घर. गुणमालाकाकू ताट घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. लाजू नका, पोटभर जेवा, म्हणाल्या. मग नवऱ्याकडं हनुवटी उडवून हसल्या. ह्या माणसानं जगभर दिवे टांगले, पण आमच्या जैनाच्या घरात सांज व्हायच्या आत जेवून भांडीसुद्धा घासून हुत्यात.

ताट एकच होतं. काका नाही का जेवत, असं संयोगितानं विचारलं.

"त्यांचा उपास हाय. आज तिसरा दिस. सोमवारी तुमचा फोन आला तवापासनं." काकूंचं हसू मावळलं. "निस्त्या पाण्यावर हाईत. एवढं जीव गेलं म्हणं ह्यांच्यापायी. ह्या वयात सोसतंय का असलं? तुमी तरी सांगा, पोरी."

संयोगितानं हातातला घास ताटात ठेवला. तिला वाटलं, उठावं आणि गाडीला किक मारून सांगली गाठावी. पण काका अजून तसेच वाकलेले होते. बोट अजून कागदावर फिरत होतं.

"काका, हा दिवा तुमचा नाही."

मग ती थांबली नाही. नमुना धाडला ते, पट्टी नको म्हणाली ते, लालासाहेबांना काय सांगितलं ते, लेबलाचंसुद्धा. सगळं ताटाकडं बघत सांगितलं. आता दोघं काय वाटेल ते बोलोत, तिनं मान खाली घालून ठेवली होती.

आधी काकूच बोलल्या. म्हणजे माझं माणूस तीन दिवस फुकट उपाशी, म्हणाल्या, आणि दुसरं ताट वाढायला उठल्या.

काकांनी हातानंच त्यांना बसवलं.

"मला ठावं हाय. फोटो आला तवाच दिसलं, पट्टी न्हाई."

"मग उपास कशापायी धरलाय?" काकूंनी कपाळाला हात लावला.

काकांनी वर्तमानपत्राच्या चारी कडा अलगद जुळवून घेतल्या. बोलताना त्यांनी संयोगिताकडं बघितलं नाही.

"ह्या ताईंनी मला इचारलं हुतं, रबराची पट्टी कशाला लावता. किडं मरू न्हाईत म्हणून, असं सांगायची मला लाज वाटली. शिकल्यासवरल्या माणसांत हसं हुईल वाटलं. म्हणून धूळ जाऊ न्हाई म्हणून लावतो म्हणालो. खोटं आदी मी बोललो. उपास त्याचा हाय."