मागणी कोणाची

‘मागणी कोणाची’ हा रकाना तिने लपवला, तेव्हा साहेबांची पावलं जिन्यात वाजत होती.

तो पुन्हा दाखवायला एक क्लिक पुरे होतं. बोट माउसवरच होतं.

शेजारच्या प्रोग्रामरने आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ताई, नावं कुठं गेली?”

“आहेत आत. दिसत नाहीत, एवढंच.”

“अहो, पोटावर पाय येईल! साहेबांची मागणी साहेबांनाच ओळखू आली नाही तर?”

तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला.

तातडीच्या मदतीचे फोन घेणाऱ्या केंद्रासाठी हे लोक सॉफ्टवेअर बनवत होते. कोणती मागणी आधी पुरी करायची ते दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ठरे, आणि त्यातले रकाने बसवणं हे तिचं काम. महत्त्व, मेहनत, प्राधान्य. प्राधान्यात तीनच पर्याय तिने ठेवले होते: आधी, मग, नको. पण तिकडे बघतंय कोण! सगळ्यांची नजर आधी नावावर जाई. खुर्ची जेवढी उंच, तेवढी मागणी वर.

म्हणून तिच्या नणंदेची मागणी दर खेपेला तळाला पडून राही. नणंद त्या केंद्रात फोन घ्यायची. मागणी एवढीशी होती: फोन मध्येच तुटला तर समोरच्याचा नंबर पडद्यावर राहावा. आज सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली होती, “वहिनी, काल एका बाईचा फोन पत्ता सांगता सांगता तुटला. नंबरही गेला. आता तिला शोधायला मी काय देवाला फोन लावू?”

त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायचा वहिनीला धीर झाला नव्हता.

साहेब आले. बसायच्या आधीच म्हणाले, “हं, वाचा भराभर.”

ती वाचू लागली. नंबराची मागणी आली.

“आधी,” साहेब म्हणाले. “हे अजून झालं नाही? कमाल आहे!”

तिने ‘आधी’ निवडलं, पण जीव भांड्यात पडला नाही. खरी अडचण पुढेच होती. सगळी मेहनत खाऊन बसलेली मागणी यायची होती. ती वर राहिली की नंबराच्या कामाला माणूसच उरत नसे. दरवेळी असंच झालं होतं.

“सॉफ्टवेअर उघडताना संस्थेचं बोधचिन्ह गोल गोल फिरत यावं,” तिने वाचलं. “मेहनत: सर्वांत जास्त.”

प्रोग्रामर वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसू लागले. “तिकडे माणूस जिवाच्या आकांताने फोन करतोय आणि आपण इकडे भिंगरी फिरवत बसायचं? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

प्रोग्रामरने दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

“नको,” साहेब म्हणाले. “पुढचं वाचा.”

बैठक संपली. प्रोग्रामरने जाता जाता तिला डोळ्यांनीच हात जोडले. तिला मात्र चैन पडेना. काम झालं होतं, पण लपवाछपवी पचत नव्हती. ती साहेबांच्या मागोमाग जवळजवळ धावतच बाहेर आली.

“साहेब, ते फिरणारं चिन्ह... ती मागणी तुमचीच होती. नावं मी लपवली होती.”

साहेब थांबले. आसपास कोणी नाही ना, ते त्यांनी पाहून घेतलं.

“माहीत आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “नाव दिसत होतं, तोवर मलासुद्धा तिला ‘नको’ म्हणता येत नव्हतं.”