दहाच्या नोटेवरची नावं

प्रेमलालने अंगठी ताटातल्या तांदळावर टेकवली आणि ‘क’ काढला. नव्या सुनेचं नाव कमला ठेवायचं, हे त्याच्या आईने, रुख्माबाईने, लग्न ठरलं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं.

“मले पुष्पलताच राहू द्या,” नवरी म्हणाली.

खैरलांजीची पोर. बालाघाटच्या या घरात पाऊल टाकून तासही झाला नव्हता, आणि बोलली. जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“रीत हाय, बाई,” रुख्माबाई म्हणाली. “माह्यंबी नाव याच ताटात बदललं. मी मेली का?”

सासरे घनश्यामराव रेल्वेत तिकीटबाबू. वीस वर्षं बंगाली, उडिया बाबूंसोबत काढलेली, त्यामुळे ज्ञान नुसतं उतू चाललेलं. पंगत खोळंबली होती, पण त्यांना कुठली भूक. त्यांनी आहेरातली दहाची नोट उचलली आणि उलटी करून सुनेपुढे धरली. मागे सगळ्या भाषांच्या ओळी होत्या.

“हे पाह्य बेटा. आपन रुपया म्हनतो. काहून? रुपं म्हंजे चांदी, अन पह्यले तो चांदीचा होता. बंगाली म्हनते टाका, उडिया म्हनते टंका. जुन्या नान्याले टंक म्हनत, त्याच्यावरून. जितके मुलूख तितकी नावं. पन नोट दहाचीच. नावानं किंमत बदलते का?”

बायकांनी माना डोलावल्या. पुष्पलताचे डोळे भरून आले. आईने हौसेने ठेवलेलं नाव होतं ते. तिने नोट हातात घेतली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

“मामाजी, इतकी नावं लिवली,” ती म्हणाली, “पन एकासाठी दुसरं नाही खोडलं.”

घनश्यामरावांनी चष्मा लावून नोट पुन्हा पाहिली. मग स्वतःच हसत सुटले. “हौ बा. नाही खोडलं.”

रुख्माबाई हसली नाही. तिने ताट पुढे ओढलं, तळहाताने ‘क’ पुसला आणि तांदूळ सारखे केले.

“लिव, पुष्पलता.”

प्रेमलालने लिहिलं.

“आता त्याच्या खाली लिव, शेवंता.”

“शेवंता कोन, माय?”

“मी,” रुख्माबाई म्हणाली. “या घरात यायच्या पह्यलेची.”